पालू एक की दोन?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या तायांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी वार्तापत्रात देत आहोत.)



दर महिन्याला मी उभी राहिले की तुम्हाला वाटतं, आता ही बचत, कर्जफेड आणि दशसूत्री सुरू करणार. आज तसं नाही. आज मी एका माशावर बोलणार आहे. हसू नका. मला माहीत आहे, देशावरची मुलगी खाडीकाठच्या बायकांना मासे शिकवणार म्हणजे उलटी गंगा. एमएसडब्ल्यू करून मी इथे रुजू झाले तेव्हा बांगडा आणि सुरमई यांतला फरक मला सांगता येत नव्हता, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलंय. म्हणून शिकवत नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगते. त्या चुकीमुळे मला जे कळलं, ते तुमच्या कामाचं आहे असं वाटतं, म्हणून ही वेळ मागून घेतली.

गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर तेरेखोल खाडीच्या काठच्या आपल्या एका गटाने ठरवलं की, खाजणातल्या तळ्यात पालू पाळायचा. खाडीतून पिल्लं धरायची, तळ्यात सोडायची, मोठी झाली की विकायची. त्यासाठी गटातून कर्ज घ्यायचं. व्यवसाय आराखडा करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? मोबाईलवर शोधलं. पिवळ्या परांच्या पालूची एक छान माहिती सापडली. किती दिवसांत किती वाढतो, पाणी किती खारं लागतं, अंडी कधी घालतो, सगळं आकड्यांत लिहिलेलं. मी ती उतरवून घेतली, बेरजा-वजाबाक्या केल्या आणि बैठकीत वाचून दाखवली. आराखडा नफ्यात होता. सगळ्या खूश.

एक मावशी मागे बसल्या होत्या. वय साठीच्या पुढे, आयुष्य खाडीत गेलेलं. त्यांनी विचारलं, "पोरी, ह्या कागदातलो मासो आमच्या खाडीतलो आसा काय?"

मी म्हटलं, "हो मावशी, पालूच आहे."

त्या म्हणाल्या, "पालू दोन आसत. काळो येगळो, पिवळो येगळो. तू दोगांका एकाच ओळीत कित्याक लिवलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कागद परत पाहिला. माहिती पूर्व आशियातली होती, चीन-तैवानकडची. तिथे हा मासा पाळतात, पण तो आपल्याच खाडीतला मासा आहे का, हे मी तपासलंच नव्हतं. कर्ज पुढे ढकलावं लागलं. हंगाम हातचा गेला. दोन-तीन जणी माझ्यावर रागावल्या, आणि ते बरोबरच होतं. पैसे तुमच्या घामाचे. ते तळ्यात घालायच्या आधी तळ्यात कोण राहणार आहे, ते मला माहीत असायला हवं होतं.

त्यानंतर मी नीट वाचायला बसले. जे कळलं ते सोपं करून सांगते.

आपल्याकडे पालू म्हणतात, गोव्यातही पालूच म्हणतात. तुमच्या गावात दुसरं नाव असेल तर ते लक्षात ठेवा, शेवटी मी ते मागणार आहे. इंग्रजीत या माशांना सीब्रीम म्हणतात. त्यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव स्पॅरिडी. या कुळात जगभर दीडशेच्या आसपास जाती आहेत. भूमध्य समुद्राच्या काठी युरोपातले लोक याच कुळातला सोनेरी कपाळपट्टीचा मासा मोठ्या प्रमाणावर पाळतात. जपानमध्ये याच कुळातला लाल मासा लग्नाकार्यात आणि सणाला ताटात लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तर या कुळातल्या इतक्या जाती आहेत की, त्यांतल्या बऱ्याच दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. म्हणजे पालू हा आपला घरचा मासा असला तरी त्याचे भाऊबंद सगळ्या जगात पसरलेले आहेत.

इथे एक गंमत सांगते. बाजारात जी राणी येते, गुलाबी अंगाची, तिलाही इंग्रजीत ब्रीमच म्हणतात. पण ती या कुळातली नाही. तिचं कुळ वेगळं, जवळचं असलं तरी वेगळं. नुसत्या इंग्रजी नावावर गेलं की अशी फसगत होते.

कुळ कसं ओळखायचं, यावरही शास्त्रज्ञांचं बरीच वर्षं एकमत नव्हतं. आधी ते दात बघायचे. पालूचं तोंड उघडून बघा. पुढे टोकदार सुळ्यासारखे दात आणि आत गोल, चपटे, दाढांसारखे. त्या दाढांनी तो कालवं, शिंपले, लहान कुर्ल्या फोडून खातो. कोणाला सुळे जास्त, कोणाला दाढा जास्त, कोणाला पुढे कापायचे दात, त्यावरून या कुळाचे सहा गट केले होते. नंतर डीएनए तपासायची सोय झाली. तेव्हा कळलं की, दात सारखे म्हणजे नातं जवळचं असं नसतं. जे खायचं त्याप्रमाणे दात होतात. लांबच्या नात्यातल्या दोघांचे दात सारखे निघाले आणि सख्ख्यांचे वेगळे. म्हणून ते सहा गट आता खरे मानत नाहीत. उलट, पूर्वी वेगळ्या कुळात ठेवलेले काही बारके मासे याच कुळात आणावे लागले. आपल्याकडे नाही का, एकाच आडनावाची माणसं नात्यातली नसतात आणि मामेभावाचं आडनाव मात्र वेगळं असतं. तसंच ते.

आता आपल्या पालूकडे येऊ. स्पॅरिडी हे कुळ. त्यात अनेक घरं. त्यातल्या एका घराचं नाव अ‍ॅकँथोपॅग्रस. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. अ‍ॅकँथा म्हणजे काटा. काटेरी पालू म्हणा हवं तर. मासा साफ करताना पोटाखालच्या मागच्या पराचा जाड काटा ज्यांच्या बोटात गेलाय त्यांना हे नाव का पडलं ते सांगायला नको. त्या पराला तीन काटे असतात आणि त्यातला दुसरा सगळ्यांत दणकट.

या घरातले दोघे आपल्याला भेटतात. एक काळा पालू. राखाडी ते काळपट अंग, पर काळसर. त्याचं शास्त्रीय नाव बर्डा. हे नाव १७७५ साली छापलं गेलं. पीटर फोर्सकल नावाचा एक अभ्यासक डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर तांबड्या समुद्राकडे गेला होता. १७६३ साली तो येमेनमध्येच वारला. त्याच्या मागे त्याच्या सोबत्याने त्याची टिपणं छापली. त्याने या माशाचं नाव स्वतःच्या मनाने ठेवलं नाही. तिथले अरबी लोक त्याला जे म्हणत होते, तेच त्याने लिहून घेतलं. अडीचशे वर्षं झाली, अजून सगळं जग तेच नाव वापरतं.

दुसरा पिवळा पालू. अंग रुपेरी, पोटाखालचे पर आणि शेपटीचा खालचा भाग पिवळा. याची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण माझी चूक इथेच झाली.

१७८२ साली हौटाइन नावाच्या डच माणसाने जपानच्या माशांवर लिहिताना अशा एका माशाला लॅटस नाव दिलं. पुढे जिथे जिथे पिवळ्या परांचा पालू दिसला, तिथे तिथे लोक त्याला लॅटसच म्हणत गेले. इराणच्या आखातात लॅटस, आपल्याकडे लॅटस, बंगालच्या उपसागरात लॅटस, चीन-जपानमध्ये लॅटस, ऑस्ट्रेलियात लॅटस. पुस्तकांत लिहिलं गेलं की, हा एकच मासा अर्ध्या जगात पसरलेला आहे.

मग जपानच्या मियाझाकी विद्यापीठातले युकिओ इवात्सुकी यांनी ठिकठिकाणचे मासे समोर ठेवून मोजायला घेतले. पाठीवरच्या काट्यापासून अंगावरच्या आडव्या रेघेपर्यंत खवल्यांच्या ओळी किती, काटे किती लांब, कुठला पर किती पिवळा, असं सगळं. २०१३ साली त्यांनी लिहिलं की हा एक मासा नाही, पाच आहेत.

ते पाच कुठे राहतात, बघा. खरा लॅटस पूर्व आशियात, म्हणजे चीन-जपानच्या बाजूला. दुसरा बंगालच्या उपसागरात. त्याला १८३० सालीच वेगळं नाव मिळालं होतं, पण मधल्या काळात ते लॅटसमध्ये बुडवून टाकलं होतं, ते परत वर काढलं. तिसरा ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर. चौथा इराणच्या आखातात. त्याचं नाव शेइम. तेही तिथल्या कोळ्यांच्या तोंडचंच नाव. आणि पाचवा अरेबिकस. तो आखातापासून ओमान, पाकिस्तान करत भारताच्या पश्चिम किनाऱ्याने खाली तिरुअनंतपुरमपर्यंत. तांबड्या समुद्रात तो नाही.

म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या वाट्याचा आहे तो अरेबिकस. मी आराखड्यात उतरवला होता तो लॅटस. तो चीनचा. दोघे दिसायला भाऊ, पण वेगळे. आणि विशाखापट्टणमच्या बाजूची एखादी ताई जो पिवळा पालू धरते, तोही आपला नाही, बंगालच्या उपसागरातला.

काळ्या पालूचंही थोडं असंच झालं. पूर्वी म्हणायचे, बर्डा तांबड्या समुद्रापासून थेट जपानपर्यंत आहे. २०१० साली प्रशांत महासागराच्या बाजूचा काळा पालू वेगळा ठरला, त्याला पॅसिफिकस नाव मिळालं. बर्डा हे नाव आपल्या बाजूला, हिंदी महासागरात राहिलं.

तुम्ही विचाराल, समुद्र तर एकच, मग मासे वेगळे का? पालू हा काठाचा मासा आहे. पिल्लं खाडीत, तिवरांच्या मुळांत वाढतात. मोठे झालेले मासे अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे आणि समुद्राकडे जातात. सुरमईसारखा तो भर दर्यात लांब फिरणारा नाही. काठाकाठाने राहणाऱ्या माशांच्या वस्त्या फार काळ एकमेकींपासून दूर राहिल्या की, हळूहळू वेगळ्या होतात. मालवणीत आणि वऱ्हाडीत जसा फरक पडला, तसा.

आता खरा प्रश्न. या सगळ्याचा आपल्या गटाला काय उपयोग?

पहिला उपयोग पैशाचा. वाढीचा वेग, अंडी घालण्याचा महिना, खाऱ्या पाण्याचं प्रमाण हे एका जातीचं मोजून दुसऱ्या जातीला लावता येत नाही. शेजारणीच्या भाताचं बियाणं वेगळं असेल तर तिचं कापणीचं वेळापत्रक तुम्ही लावत नाही. मग चीनच्या माशाचं वेळापत्रक तेरेखोलच्या तळ्याला कसं लावायचं? कोणी माहितीपत्रक आणलं, अगदी मी आणलं तरी, पहिला प्रश्न हाच विचारा. हा कुठला मासा? कुठल्या किनाऱ्यावर मोजलाय? उत्तर मिळेपर्यंत अंगठा किंवा सही नाही. काळ्या पालूबद्दल आपल्याला जवळ एक आधार आहे. कारवारला केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे बर्डाचं बीज तयार करण्यावर काम झालंय. म्हणून यंदाच्या आराखड्यासाठी मी आधी तिथे विचारणार आहे, मोबाईलला नंतर.

दुसरा उपयोग खाडीचा. या घरातल्या माशांची एक सवय आहे. ते आधी नर असतात, आणि मोठे झाल्यावर त्यातले बरेच मादी होतात. हो, खरंच. लहान ते नर, मोठे ते बहुतेक माद्या. म्हणजे जाळ्यात फक्त मोठे मोठे पालू काढत राहिलो तर आपण माद्याच काढतो. गाबोळीने भरलेला मोठा पालू बाजारात भाव खातो हे मला कळतं, तो सोडून द्या असं मी बसल्या जागी सांगणार नाही. पण ज्या महिन्यात गाबोळी भरलेले मासे जास्त मिळतात, तो महिना लिहून ठेवला तर पुढे गावाने मिळून काही ठरवता येईल. लिहिलंच नसेल तर ठरवणार कशावरून?

तिसरा उपयोग नावाचा. शासनाने २००२ साली जैवविविधता कायदा केला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गावात कुठली झाडं, कुठले मासे, लोकांना त्यांची काय माहिती आहे, हे त्या वहीत लिहायचं असतं. त्या समितीत बायकांनाही जागा आहे. तुमच्या गावाची वही मागून बघा. त्यात पालू आहे का? असला तर एक ओळ आहे की दोन? उद्या खाडीच्या तोंडाशी काही बांधायचं निघालं, तिवरं तोडायची वेळ आली, तर इथे काय जगतं हे विचारतील. तेव्हा वहीत जे आहे तेवढंच दिसेल. जे लिहिलेलं नाही, त्याची बाजू मांडायला कागद नसतो.

मी परत त्या गटात गेले तेव्हा मावशींना सांगितलं, "मावशी, तुमचं बरोबर होतं. दोन आहेत. मोठ्या शास्त्रज्ञांनी तशीच वेगळी नावं दिली आहेत."

मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्सा ते काय करी होते?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना मनात आलं की, दोन पालू वेगळे आहेत हे या काठावरच्या बायकांना ठाऊकच होतं. मासा निवडताना दोन टोपल्या तुम्हीच करत होतात. माझ्या नोंदवहीत मात्र रकाना एकच होता. तो रकाना मी आखला होता.

आता यंदाचं ठरलेलं सांगते. त्या गटाने मोठं कर्ज घेतलेलं नाही. आधी तळ्याच्या एका कोपऱ्यात जाळी लावून दोन भाग करायचे, एकात काळा, एकात पिवळा. थोडीच पिल्लं, गटाच्या अंतर्गत कर्जातून, जेवढं बुडालं तरी झेपेल तेवढंच. पिल्लं धरताना दोन्ही एकत्र येणारच, ती निवडायचं काम मावशींकडे. दर पंधरा दिवसांनी मोजायचं आणि लिहायचं. वर्षाने आपल्याच तळ्याचे आकडे आपल्याकडे असतील. मग त्यावरून मोठा आराखडा करू. तोवर ज्या तायांचा हंगाम माझ्यामुळे गेला, त्यांची मी इथे सगळ्यांसमोर माफी मागते.

बाकीच्या खाडीकाठच्या गटांना माझी एक विनंती आहे. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीची शेवटची चार पानं पालूसाठी ठेवा. सहा रकाने आखा. तारीख. जागा, म्हणजे खाडीचं तोंड की आतला भाग. तुमच्या गावातलं नाव. परांचा आणि शेपटीचा रंग. लांबी, तोंडापासून शेपटीपर्यंत, पट्टी नसेल तर वितीने. आणि गाबोळी होती की नव्हती. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा, तुम्ही सांगा, ती लिहील. फोटो काढायचा असेल तर मासा आडवा ठेवा, पर पसरून धरा, बाजूला एक पट्टी ठेवा, आणि मासा ताजा असतानाच काढा, कारण बर्फात ठेवल्यावर पिवळा रंग उतरतो.

ज्यांच्याकडे खाडी नाही, डोंगरावरच्या गावांतल्या तायांनो, तुम्ही म्हणाल आमचा काय संबंध. तुमच्याकडे नाचणीच्या, वरीच्या, अळवाच्या किती जाती आहेत आणि कागदावर किती ओळी आहेत, ते बघा. तुमच्या सासूबाईंना ज्या चार वेगळ्या वाटतात आणि अर्जात जिथे एकच शब्द आहे, तिथून सुरुवात करा.

पुढच्या सभेला वह्या घेऊन या. मी नवीन नोंदवही आणते, त्यात पालूला दोन ओळी असतील. तिसरी ओळ लागली तर तीही आखू.